आमवातात प्रोबायोटिक सुरू केलं तर मेथोट्रेक्झेट बंद करता येईल का?

आईला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे, त्यावरची मेथोट्रेक्झेट ही गोळी चालू आहे, प्रोबायोटिक म्हणजे पोटासाठीचे जिवंत जंतू घेऊन ती गोळी सोडता येईल का आणि कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. नाही सोडता येणार. ठासून सांगतोय, कारण आमच्या घरात हा प्रयोग आत्यावर झालाय.

आत्या परभणीकडची. आमवात ओळखायची अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह निघाली, संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेट लावलं, काही महिन्यांत सूज ओसरली आणि ती पुन्हा परातीत ज्वारीची भाकरी थापायला लागली. तेवढ्यात तिचे धाकटे दीर प्रोबायोटिकच्या पुड्या विकायला लागले. "वहिनी, ही कॅन्सरची गोळी हाय, कामून खाता? सगळा रोग पोटातून येतो." मी तिथंच बसलो होतो. हटकलं तर "तू काय डॉक्टर हायस का?" म्हणून मला गप्प केलं. आंबट वातूळ म्हणून तिचं घरचं ताक बंद केलं, आणि जिवंत जंतूंची पुडी मात्र सोयाबीनच्या पैशातून घ्यायला लावली!

सुरुवातीला बरं वाटलं. मेथोट्रेक्झेटचा असर एकदम उतरत नाही, श्रेय गेलं पुडीला. दिवाळीच्या सुमारास सकाळी मूठ वळेना. बोटांचे मधले सांधे भुईमुगाच्या शेंगेसारखे फुगले, पोलक्याचे हूक सून लावून द्यायची. आता गोळी परत चालू आहे, सूज गेली. पण उजव्या हाताची बोटं करंगळीच्या बाजूला कलली ती कललीच. एक्स-रेत हाड खाल्लेलं दिसतं, ते भरून येत नाही. दीर आजही म्हणतात, कोर्स अर्धवट सोडला म्हणून गुण आला नाही.

त्यांचं बोलणं निव्वळ थाप असतं तर कोणी ऐकलं नसतं. आतड्यातल्या जंतूंचा आणि आमवाताचा संबंध खरंच दिसलाय. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना नव्यानं आमवात झालेल्या, औषध न घेतलेल्या रुग्णांपैकी ७५ टक्क्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला कोप्राय नावाचा जंतू सापडला, निरोगी लोकांत २१ टक्क्यांच्या. पण भाकरी-वरण खाणाऱ्या आपल्या लोकांच्या पोटात प्रिव्होटेला कुळातले जंतू मुळातच भरपूर असतात, आणि त्यातल्या बहुतेकांचे सांधे ठणठणीत आहेत. मग एकट्या जंतूवर खापर कसं फोडायचं? सल्फासॅलाझिन ही आमवाताची जुनी गोळीही आतड्यातले जंतू तिला फोडतात तेव्हाच लागू पडते. म्हणजे जंतूंचं महत्त्व मी नाकारत नाही. पुडी औषधाची जागा घेते, हे नाकारतो.

इराणमध्ये पन्नासपेक्षा कमी बायकांवर आठ आठवडे चाचणी झाली. लॅक्टोबॅसिलस केसी या जंतूच्या कॅप्सूलनं सूज दाखवणारं सीआरपी उतरलं. दीर हीच चाचणी दाखवायचे. त्या बायकांनी नेहमीची औषधं सोडली नव्हती, हे मात्र कधी सांगितलं नाही. बाकीच्या छोट्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

कोणतं घ्यावं? आमवातासाठी म्हणून नाव घ्यावं असा एकही ब्रँड नाही. घरचं ताक सोसत असेल तर खुशाल द्या, पण तेही औषध नव्हे. एक राहिलंच: आई बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती दाबणारी) इंजेक्शनं किंवा स्टिरॉइड घेत असेल तर प्रोबायोटिक कॅप्सूलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना हे जंतू क्वचित रक्तात उतरतात.

आणि गोळीनं मळमळतं, तोंड येतं म्हणून सोडायचा विचार असेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सोबत देतात ते फॉलिक अ‍ॅसिड (एक जीवनसत्त्व) वाढवता येतं, गोळीऐवजी इंजेक्शन देता येतं. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून तो वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.