आधी भाव विचार

पोरी,

तुझा लेख वाचला, आणि त्याच्या मागोमाग आलेला मेसेजही. ‘सर, यापुढे मी फक्त खाण्यावर आणि फिरण्यावर लिहीन, धोरणबिरण आपल्याला झेपत नाही.’ कांद्याच्या निर्यातशुल्कावर लिहिलंस, तर गावाकडचे म्हणाले, शहरात जाऊन बदललीस. खोलीवरच्या मैत्रिणी म्हणाल्या, शेवटी शेतकऱ्याचीच पोरगी. दोन्हीकडून झोडपली गेलीस. अडचण कळते मला. निफाडकडे बाबांच्या साठवणीच्या चाळीत कांदा, आणि इथे नाशकात कॉलेज रोडला तू स्वतः किलोकिलोने विकत घेतेस. भाव चढला तर घरी बरं, पडला तर खोलीवर बरं. कुणाची बाजू घेऊ, असं विचारलंयस.

बाजूचं नंतर बघू. तुझ्या अख्ख्या लेखात कांद्याचा भाव एकदाही आलेला नाही, हे लक्षात आलं का तुझ्या? महागाई आली, ग्राहकहित आलं, बळीराजा तर दोनदा आला. भाव कुठेय? ज्या घरात दर हंगामाला व्यापाऱ्याची हिशोबपट्टी येते, त्या घरची पोर कांद्यावर लिहिते आणि बाबांना एक फोन करत नाही, याचा मला राग आला. आधी भाव विचार. मत त्यानंतर सुचतं, आणि बऱ्याचदा तू ठरवलेलं असतं त्यापेक्षा वेगळंच सुचतं.

उदाहरण तुझ्याच विषयाचं घे. 19 ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबर सरता सरता टनामागे 800 डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात बाहेर विकायचं नाही. 8 डिसेंबरला निर्यातच बंद. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात अट गेली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं. तेही 1 एप्रिल 2025 ला गेलं. या तारखा तुझ्या लेखात होत्या, मान्य. पण नुसत्या ओळीत उभ्या होत्या. त्या त्या तारखेला बाबांकडे कोणता कांदा होता? ऑगस्टात उन्हाळ. तो चाळीत राहतो. भाव पडला तर माणूस दात-ओठ खाऊन का होईना, पण थांबतो. कोंब येतील, सड होईल, वजन घटेल, तरी थांबतो. डिसेंबरात मात्र लाल कांदा. त्याला चाळ नाही. काढला की ट्रॉली भरायची आणि मिळेल त्या भावात द्यायचा. म्हणजे ऑगस्टच्या शुल्कापुढे थांबता तरी येत होतं, डिसेंबरच्या बंदीपुढे तेही नाही. त्यातही चाळ असलेला वेगळा आणि ज्याला चाळ बांधायला कधी जमलंच नाही तो वेगळा. तू दोघांना ‘शेतकरी’ म्हणून मोकळी झालीस.

आणि भाव म्हणजे कोणता भाव? लासलगावला किंवा पिंपळगावला लिलावात ट्रॉलीपाशी पुकारला तो? तो तर पेपरातही छापून येतो. पुकारा झाल्यावर ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, तिथे माल खाली होताना खालच्या थरात गोल्टी म्हणजे बारका कांदा निघाला, खाद म्हणजे खराब माल निघाला, की वांधा. मग खळ्यावर उभ्या उभ्या घासाघीस आणि भावात काट. बाबांना विचार, ते सांगतील. पुकारलेला भाव आणि हातात पडलेले पैसे यांच्यात जे अंतर आहे, तिथे तुझा लेख आहे. त्यातून हमाली-तोलाई वजा कर, गावाहून ट्रॅक्टर आणल्याचं डिझेल वजा कर. मग कॉलेज रोडवरच्या हातगाडीचा भाव शेजारी लिही. मधल्या प्रत्येकाला विचार, तुला कितीला पडला. त्या मधल्यांत लबाड असतात तसे कांदा सडल्यामुळे बुडालेलेही असतात. न विचारता ‘दलाल’ म्हणून टाकलंस तर माझ्याकडे लेख पाठवू नकोस.

आता तुझं ते खाण्याफिरण्याचं. तू म्हणतेस ते हलकं आहे, सुरक्षित आहे, तिथे कुणी भांडत नाही. मला हसू आलं. पंचवटीतली मिसळ, मेन रोडचा साबुदाणा वडा, बुधा हलवाईची जिलबी, गंगापूर रोडचा रविवार, अशी यादी पाठवलीस. छान आहे. पण मिसळीच्या प्लेटमध्ये कधी बारीक चिरलेल्या कांद्याऐवजी कोबी आलाय का तुझ्या? माझ्या आलाय. ‘कांद्याचे जादा पैसे पडतील’ असा खडूने लिहिलेला फलकही मी वाचलाय, आणि तोही कांद्याच्या जिल्ह्यात. त्या दिवशी मालकाला विचारायचं, काका, कांदा कितीला घेतला, कोबी कितीला, आणि प्लेट कितीने वाढवली? तो वैतागेल. विचारायचं.

तर्री बघ. तो वरचा लाल तवंग तेलाचा असतो आणि आपल्या देशात खाद्यतेल मोठ्या प्रमाणात बाहेरून येतं. 14 सप्टेंबर 2024 ला कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून 20 टक्के झालं. कांद्याचं शुल्क 20 वर आलं ते त्याच्या आदल्या दिवशी. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, ते सोड. निफाडच्या माणसाला दिलासा, मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्याला दिलासा, आणि मिसळवाल्याचा तेलाचा डबा महाग. हे सगळं दोन दिवसांत. पुढे मे 2025 च्या शेवटी तेच शुल्क 10 टक्क्यांवर आलं. तेव्हा प्लेटचा भाव खाली आला का? तू खातेस, तुला ठाऊक असायला हवं. खाण्यावर लिहिणं आणि धोरणावर लिहिणं या तुला दोन वाटा वाटतात, कारण तू दोन्हीकडे भाव विचारत नाहीस.

चिवड्याचं पाकीट घे. 22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद फरसाण-नमकीनवरचा जीएसटी 12 टक्क्यांचा 5 झाला. पाच-दहा रुपयांच्या पाकिटाची किंमत अर्थातच हलवायला अवघड. तेव्हा मागे बारीक अक्षरात छापलेले ग्रॅम वाढले का, ते बघायचं. जुनं पाकीट सापडलं तर शेजारी ठेवून बघायचं. मी माझ्या घरात रिकामी पाकिटं जपून ठेवतो. आमच्या हिचं म्हणणं, हा माणूस निवृत्त झाल्यापासून कचरा जमवतो. हॉटेलात गल्ल्यावर मी तेलाच्या डब्याचा भाव विचारतो, म्हणून माझ्याबरोबर बाहेर जेवायला यायचंही तिने सोडलंय. होऊ दे.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. माझ्या वडिलांच्या सगळ्या हिशोबपट्ट्या एका पत्र्याच्या पेटीत होत्या. ते गेल्यावर दिवाळीच्या साफसफाईत पेटी रिकामी झाली, कागद रद्दीत गेले. 1980 च्या नोव्हेंबरात कांदा-उसाच्या भावासाठी शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेवर या जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवली होती. त्या वर्षी आमच्या घरी क्विंटलला नेमके किती आले, हे आज सांगायला माझ्याकडे कागद नाही. त्या आंदोलनावर भाषणं पुष्कळ ऐकली. कागद असता तर मी एक पानाचा लेख लिहिला असता आणि तो त्या सगळ्या भाषणांना पुरून उरला असता. तू बाबांच्या पट्ट्या आजच्या आज मागव.

सुट्टीबद्दलही तेच. द्राक्षमळ्यांमधून वाइन पीत रविवार घालवणारी मंडळी गंगापूर रोडला दिसतात, तुझ्या यादीबरोबर त्यांचे फोटोही आहेत. 2001 साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं आणि महाराष्ट्रातल्या द्राक्षांच्या वाइनला दहा वर्षं उत्पादनशुल्क माफ केलं. तो रविवार या माफीवर उभा आहे. वाईट म्हणत नाही मी, पण कुणी किती सोडलं तेव्हा हा धंदा उभा राहिला, ते विचारावं. खुद्द रविवारचं काय? कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा 10 जून 1890 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली. तुझ्या मिसळीच्या दुकानातल्या, टेबल पुसणाऱ्या पोराची सुट्टी कधी असते? रविवारी तर नक्की नसते. त्याला विचार, खाडा झाला तर किती कापतात. हाही भावच.

तू म्हणशील, सर, हे चिल्लर मोजणं झालं. मलाही हेच सांगण्यात आलं होतं. एका दैनिकात माझं सदर चालायचं. त्यांना अर्थसंकल्पावर दणदणीत मतं हवी होती, मी रविवार कारंजावरच्या भाजीचे भाव पाठवायचो. सदर बंद पडलं. पुण्याला येऊन ‘मोठं’ लिहा, असंही कुणी कुणी सुचवलं होतं. नाही गेलो. माझ्याबरोबरचे गेले, त्यांची नावं झाली, आणि त्यांच्या लेखांत भाव नसायचे. यात थोडी पोटदुखी आहे, असं तुला वाटेल, वाटू दे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचा जन्म नाशिकचा, 1901 चा. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले ते 1967 मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, 1933 साली, त्यांची जी पाहणी प्रसिद्ध झाली ती कशाची होती माहितीये? पुण्याच्या फळबाजाराची. फळं कुठून येतात, कोण विकतं, कुणाला काय सुटतं. त्यांना चिल्लर वाटली नाही ती. मग मला का वाटावी?

पोरी, मी चिडून लिहितोय, पण तुझ्यावर नाही. घरी उत्पादक आणि खोलीवर ग्राहक, ही तुझी जागा फार थोड्यांना मिळते. पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांना दोन्ही टोकांचा भाव कळायला माणसं पाठवावी लागतात, तुला दोन फोन पुरतात. त्या जागेची लाज वाटून तू जिलबीवर लिहायला निघालीस! जिलबीवर जरूर लिही. मैद्याचा कट्टा कितीला, ते विचारून लिही.

लेख पुन्हा लिही. पहिला परिच्छेद काढून टाक, बळीराजा दोन्ही ठिकाणचा काढ. बाबांकडून गेल्या हंगामाच्या पट्ट्यांचे फोटो मागव. ज्या पट्टीवर वांध्याची काट आहे ती आधी. हातगाडीवाला पहिल्या दिवशी खरेदीचा भाव सांगणार नाही, आठवडाभर त्याच्याकडूनच घे, मग बोलेल. गुरुवारी संध्याकाळी मी सार्वजनिक वाचनालयात असतो. कच्चा खर्डा चालेल, आकडे मात्र पेनने लिहिलेले आण, म्हणजे कुठे खाडाखोड केलीस ते मला दिसेल.

तुझा,
सर