घाटातल्या रेल्वेचे जुने फोटो: आधी रूळ बघ

इंदूरला राहून तुला घाटातल्या रेल्वेचे जुने फोटो जमवायचा नाद लागला हे बरंच झालं. पाताळपाणी-कालाकुंडचा मीटरगेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर) घाट हाकेच्या अंतरावर आहे. तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये एक कोटीचं कर्ज दिलं, म्हणून ही लाइन उभी राहिली. आधी ती डोळ्यांखालून घाल (कालाकुंडला कलाकंद खाल्ल्याशिवाय परतू नकोस), मग जुने फोटो बोलायला लागतील.

फोटो हातात आला की सगळे इंजिन बघतात. तू रूळ बघ. दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी दिसली, तर भारतात ती निलगिरीचीच. दोन फुटी गेज असेल तर बहुधा दार्जिलिंग किंवा माथेरान. मग इंजिनाच्या पुढच्या बाजूला रुळांवर वाळू टाकायला माणूस बसलाय का ते शोध. असेल तर बहुधा दार्जिलिंग. कालका-शिमला अडीच फुटी, त्यावर कमानींवर कमानी रचलेले दगडी पूल. बोर घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन (जिथे गाडी दिशा उलटी करून पुढे चढायची) चालू दिसलं तर फोटो १९२९ नंतरचा नाही, कारण तेव्हा ते बंद झालं. विकणारा काहीही साल सांगेल, त्यावर जाऊ नकोस.

काचेच्या निगेटिव्हवरून काढलेली प्रत कधीकधी आरशातल्यासारखी उलटी छापलेली असते. पाटीवरची अक्षरं भिंगाखाली तपास. पाठीमागची बाजूही स्कॅन कर, शिक्के तिथेच असतात. नोंद मऊ पेन्सिलीने, कडेला. आणि फोटो ठेवायला ते चिकट पानांचे अल्बम? फुकट मिळाले तरी घेऊ नकोस.