किनाऱ्यावर मेटल डिटेक्टरने सापडलेल्या हिरवट नाण्यावर तराजूसारखे चिन्ह दिसते आणि वजन सहा ग्रॅमच्या आसपास भरते. ही शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेले तांब्याचे नाणे, आहे का?

नाही, तराजू खरोखरच दिसत असेल तर ही शिवराई नसून ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबई इलाख्यातील तांब्याचे नाणे असण्याची शक्यता अधिक आहे. शिवराईच्या एका बाजूला ठिपक्यांच्या वर्तुळात ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे असतात, तराजू कधीच नसतो. कंपनीच्या 1791 पासूनच्या, यंत्राने पाडलेल्या मुंबईच्या पैशावर मात्र तराजू आणि त्याच्या दोन पारड्यांच्या मधोमध फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय, हा शब्द येतो. त्या पैशाचे मूळ वजन 100 ग्रेन, म्हणजे सुमारे 6.48 ग्रॅम होते, तर शिवराई साधारणपणे याच्या दीडपटीहून जड असते. वजनावर एकट्यावर मात्र विसंबू नये, कारण खाऱ्या पाण्याने तांबे झिजते आणि वर चढलेला थर वजन वाढवूनही दाखवतो. नाणे तिरप्या उजेडात धरले की पुसट अक्षरांच्या कडा उठून दिसतात. चिंच, लिंबू किंवा ब्रासो अजिबात लावू नका (घरोघरी नेमकी हीच चूक होते). डिस्टिल्ड पाण्यात ठेवून, पाणी वरचेवर बदलत, क्षार उतरू द्यावेत. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा सुटत राहिली, तर आत क्लोराइड उरले आहे असे समजून नाणे जाणकाराकडे न्यावे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, त्यामुळे विक्रीचा विचार त्याआधी करू नये.