कुस्ती सोडू नकोस, आधी मान वाचवायला शिक

प्रश्न : सर, मी सांगलीकडचा, गावच्या तालमीत कुस्ती केलीय, आता नोकरीसाठी काळाचौकीला मामाकडे राहतो. एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी पिंजऱ्यातली लढत, शिकायचीय. एका जिममध्ये म्हणाले कुस्ती विसर, आधी वर्षभर किकबॉक्सिंग कर, मित्र म्हणतो जुजुत्सू, म्हणजे जमिनीवर धरून सांधे पिळायची, गळा आवळायची कला, लाव. पैसे एकाच क्लासचे आहेत आणि आई म्हणते डोक्याला मार बसेल. काय करू?
— एक वाचक, काळाचौकी

उत्तर : अरे, कुस्ती विसर म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नकोस. समोरच्याला खाली घ्यायचं की उभ्याने लढायचं हे ज्याला ठरवता येतं त्याच्या हातात फाइट असते, आणि ते तुझ्याकडे आधीच आहे.

पण मातीतल्या दोन सवयी पिंजऱ्यात महागात पडतात. पाठ लागू नये म्हणून पैलवान झटकन पोटावर वळतो, कुस्तीत ते बरोबरच, चीत झालास की खेळ संपला. एमएमएत मात्र पाठ टेकली म्हणून कुणी हरत नाही, उलट पोटावर वळलास की तो पाठीवर चढणार, पाय आत अडकवणार आणि गळ्याखालून हात घालून आवळणार, मग काही सेकंदात टॅप कर, म्हणजे हाताने थोपटून हार मान, नाहीतर बेशुद्ध हो. दुसरं, पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, शिरताना मान खाली आणि डोकं त्याच्या काखेखाली जातं, तिथेच तो मान धरतो, त्यालाच गिलोटिन म्हणतात. आपला भरत खंडारे, कुस्तीतूनच आलेला, यूएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत उतरलेला पहिला भारतीय, 2017 ला शांघायमध्ये सोंग यादोंगसमोर पहिल्याच राउंडला गिलोटिनमध्ये हरला. मला ती फाइट अजून लागते.

म्हणून एकच क्लास परवडत असेल तर ब्राझिलियन जुजुत्सू लाव. 1993 च्या पहिल्या यूएफसीत रॉइस ग्रेसी याच्याच जोरावर जिंकला, अंगाने काही धिप्पाड नव्हता. नो-गी, म्हणजे डगला न घालता शिकवणारी, बॅच मिळाली तर तीच घे, फाइटमध्ये पकडायला डगला नसतो.

बॉक्सिंग किंवा मुए थाय (लाथा, गुडघे, कोपरांचं थाई बॉक्सिंग) पैसे जमले की लाव, पण टाळू नकोस, कारण तालमीतला वाकलेला पवित्रा म्हणजे तोंड थेट समोरच्याच्या गुडघ्यासमोर, आणि पुढे टाकलेल्या पायावर लो किक, म्हणजे मांडी-पोटरीवरच्या लाथा, बसायला लागल्या की पट काढायला त्या पायात जोरच उरत नाही.

आईचं म्हणणं खोटं नाही. जोरात स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, रोज नकोच, हेडगार्डने जखम वाचते, मेंदूला बसणारा हादरा वाचत नाही. मार लागून गरगरलं, मळमळलं तर डॉक्टर, आणि ते हो म्हणेपर्यंत स्पारिंग बंद. माउथगार्ड डेंटिस्टकडून मापाचा करून घे. फी भरण्याआधी एक बॅच बसून बघ, टॅप केल्यावर पकड लगेच सुटते का ते बघ, सुटत नसेल तर तिथून निघ.

आणि मुंबईचा पावसाळा! मॅट दमट राहते, नायटा पटकन पसरतो. क्लास झाला की आंघोळ, कपडे त्याच दिवशी धुवायचे, आणि चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत मॅटवर जायचं नाही, दुसऱ्यालाही लागतो तो.