अणूतली पोकळी हाच आत्मा का?

प्रश्न : अणू आतून जवळपास पोकळ असतो, असं शाळेत शिकलो. उपनिषदं आत्म्याला आकाशासारखा सर्वव्यापी म्हणतात. मग माझ्या शरीरातल्या अणूंमधली पोकळी आणि ताऱ्यांमधली पोकळी एकच, आणि तीच विश्वात्मा, असं मानायला काय हरकत आहे?

उत्तर : हरकत आहे, आणि तिचा थोडा दोष माझ्याकडेही येतो. पदार्थविज्ञान शिकवताना तो पोकळ अणू मीही वर्षानुवर्षं फळ्यावर काढला. रदरफर्डने १९११ मध्ये मांडलं ते खरंच : अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान एका इवल्याशा केंद्रकात असतं. पण बाकीची जागा ओस पडलेली नसते. इलेक्ट्रॉन तिथे ढगासारखा पसरलेला असतो. तेव्हा ज्या पोकळीवर तुम्ही इमला चढवलात, तीच मुळात पोकळ नाही.

दुसरी अडचण शब्दाची. आकाश म्हणजे ‘स्पेस’ असं आपण बिनदिक्कत म्हणून टाकतो. कणादांच्या वैशेषिक दर्शनात, म्हणजे जगातल्या वस्तूंची वर्गवारी करणाऱ्या जुन्या तत्त्वज्ञानात, द्रव्यं नऊ. त्यातलं आकाश हे ध्वनीचं अधिष्ठान. इथे-तिथे, जवळ-लांब यासाठी ‘दिक्’ हे निराळं द्रव्य. आत्मा आणखी निराळा. गंमत म्हणजे तिन्ही सर्वव्यापी! दोन गोष्टी सगळीकडे आहेत म्हणून त्या एकच, हा तुमचा हिशेब वैशेषिकांनी तिथल्या तिथे खोडला असता.

उपनिषदांवर उभ्या वेदान्ताला आत्मा आणि विश्व यांचं एकत्व मान्य आहे, पण त्याची वाट वेगळी. तैत्तिरीय उपनिषद सांगतं, आत्म्यापासून आकाश झालं, आकाशापासून वायू, मग अग्नी, पाणी, पृथ्वी. म्हणजे आकाश हे पहिलं लेकरू, आणि तुम्ही लेकरालाच आई म्हणताय.

छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय मात्र जरूर वाचा. उद्दालक ऋषी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचं फळ फोडायला लावतो, मग त्यातलं बी. ‘काय दिसतं?’ ‘काहीच नाही.’ बरेच जण इथेच थांबतात आणि ‘पोकळी सापडली’ म्हणून खूश होतात. बाप म्हणतो वेगळंच : तुला जो सूक्ष्म अंश दिसत नाही, त्यातूनच हा एवढा वड उभा आहे. पुढे मिठाचा प्रयोग येतो. पाण्यात विरघळलेलं मीठ हाताला लागत नाही; वरून, मधून, तळातून चाखलं की मात्र खारटच. तसंच ‘सत्’, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेलं अस्तित्व, दिसत नसलं तरी सगळीकडे आहे, असं उद्दालक सांगतो.

हा प्रयोग मी वर्गात चंचुपात्रात करायचो. (चाखायला द्यायचो नाही, प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालायचं नाही, हा नियम उद्दालकालाही लागू.) एकदा एक मुलगी म्हणाली, “सर, पाणी आटवलं तर मीठ परत दिसेल की!” त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. घरी गेल्यावर सुचलं : मीठ आटवून वेगळं निघतं, उद्दालकाचं ‘सत्’ निघत नाही, कारण ते बाजूला काढलं तर मागे पाणीही उरणार नाही. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. तिने विचारलं, “मग ते चाखायचं कशाने?”