जोड कोणाशी लावायची?

मागच्या अंकात सहज लिहून गेलो की फुटबॉलबद्दल काहीही विचारा, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप सगळीकडून प्रश्न आले. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की खेळायचं कोणाशी. म्हणून या वेळी तेच.

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीत शिकतो. रविवारी फोन केला की अभ्यासाचं सोडून फुटबॉलचंच सांगतो. त्यांच्या टीमच्या पुढच्या वर्षांच्या मॅचेस म्हणे आत्ताच ठरल्यात! आपल्याकडे तर चिठ्ठ्या टाकून ड्रॉ काढतात. तिकडे कॉलेज स्वतः ठरवतं का कोणाशी खेळायचं? आणि त्या ओहायोवाल्यांवर एवढा राग कशाला?
(निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड)

काकू, आधी हे सांगतो की तो फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, लांबट बॉल हातात घेऊन पळतात तो, हेल्मेटवाला. आणि कॉलेजची टीम म्हणून हलकं समजू नका. तुमचा नातू ज्या स्टेडियममध्ये बसतो त्याची क्षमता 1,07,601 आहे, आपली तीन वानखेडे भरून वर माणसं उरतील.

आता ठरतं कसं. मोठ्या कॉलेजांना सीझनला साधारण 12 मॅच मिळतात. मिशिगन ज्या गटात आहे त्याचं नाव बिग टेन, आणि त्यात टीम आहेत 18 (नाव दहाचं आणि पंगतीला अठरा, विचारू नका). त्यातल्या 9 मॅच गटातच खेळायच्या, त्या कोणाशी ते गट ठरवतो. उरल्या तीन, तिथे मात्र कॉलेजचा क्रीडा विभाग स्वतः फोन फिरवतो, करार करतो, एक वर्ष तुमच्याकडे आणि एक वर्ष आमच्याकडे, आणि कोणी माघार घेतली तर करारात लिहिलेले पैसे मोजायचे. मिशिगनने टेक्सासशी 2024 ला घरी मॅच खेळली ना, ती ठरली होती 2014 साली, म्हणजे तुमचा नातू तेव्हा तिसरी-चौथीत असेल, आणि परतीची मॅच 2027 ची. कारण साधं आहे हो, वैशाखातल्या मुहूर्ताला चांगलं कार्यालय हवं तर आपणही वर्षभर आधी अॅडव्हान्स देतोच की. तारखा मोजक्या आणि चांगल्या टीम सगळ्यांनाच हव्या.

या तीन मॅचमध्ये काय बसवायचं त्यातच खरी अक्कल लागते. आपल्या जत्रेतल्या कुस्त्या आठवा, पंच मंडळी जोड बघून कुस्ती लावतात आणि सुरुवातीला पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या असतात. तसं तिकडेही एखाद्या लहान कॉलेजला पैसे देऊन बोलवायचं, घरच्या मैदानावर हरवायचं, तिकिटं विकायची, लहान कॉलेजचा वर्षाचा खर्च निघतो आणि मोठ्याचा एक विजय पक्का. पण पक्का असतो असं नाही! 2007 च्या सप्टेंबरात याच मिशिगनने, देशात पाचव्या नंबरवर असताना, अॅपलाचियन स्टेट नावाच्या खालच्या डिव्हिजनच्या कॉलेजला 4 लाख डॉलर देऊन बोलावलं. मिशिगन दोन गुणांनी मागे, शेवटचे काही सेकंद उरलेले, एक किक गेली असती तर जिंकले असते, आणि पाहुण्यांच्या एका पोराने ती किक अंगावर झेलून अडवली. 34-32. पैसे देऊन घरी बोलावलेल्या पाहुण्याने यजमानाला चितपट केलं. नारळावरच्या कुस्तीत सुद्धा लंगोट नीट बांधायचा असतो तो असा.

ओहायोचं म्हणाल तर ती मॅच 1897 पासूनची आहे आणि गटाने ती राखीव ठेवलीय, बाकीचे विरोधक आलटूनपालटून येतील, ही दरवर्षी होणारच. मॅचच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या कॅम्पसवर पाट्यांवरच्या इंग्रजी ‘एम’ अक्षरावर लाल फुल्या मारतात, का तर मिशिगनचं अक्षर म्हणून. पोरखेळ आहे, पण गोड आहे. नातवाला रागवू नका.

राखीव ठेवली नाही तर काय होतं तेही बघा. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम, एकाच राज्यातली दोन कॉलेजं, 1894 पासून खेळत आलेली. 2011 नंतर ए अँड एम गट सोडून दुसऱ्या गटात गेलं आणि दोघांची भाऊबंदकी अशी जुंपली की तू आधी बोल, नाही तूच आधी बोल, यात मॅचच बंद. मधल्या काळात कितीतरी पोरं शिकून बाहेर पडली ज्यांनी ती मॅच एकदाही पाहिली नाही. शेवटी टेक्सासही त्याच गटात आलं तेव्हा 2024 ला परत झाली. आता त्या गटाने 2026 पासून 9 मॅचचं नवं गणित केलंय, प्रत्येक टीमला तीन कायमचे विरोधक आणि सहा फिरते, म्हणजे गटातल्या प्रत्येकाशी दोन वर्षांत एकदा तरी गाठ पडते. टेक्सासचे कायमचे तीन म्हणजे ओक्लाहोमा, ए अँड एम आणि आर्कान्सा, तिघंही जवळचे आणि तिघांशीही जुनं वैर. माझ्या मते हा सगळ्यात शहाणा हिशोब आहे, कारण विरोधक निवडता येतो पण वैर निवडता येत नाही, ते त्याच माणसाशी त्याच दिवसांत परत परत खेळून मुरतं, लोणच्यासारखं.

प्रश्न : दादा, मी कॉलेजच्या टीमचा कॅप्टन आहे (आपला साधा फुटबॉल). झोनलला (कॉलेजांच्या विभागीय स्पर्धेला) नॉकआऊट असतं, दोन वर्षं पहिल्याच मॅचला घरी. या वर्षी सर म्हणाले फ्रेंडली मॅचेस तूच ठरव, पाच-सहा होतील एवढं बजेट आहे. पोरं म्हणतात सोप्या टीम घे म्हणजे कॉन्फिडन्स येईल. मागच्या वर्षी एका टीमने येतो म्हणून सांगितलं, आम्ही सकाळी साडेसहाला मैदानावर फक्की मारून, नेट बांधून दहा वाजेपर्यंत बसलो, ते आलेच नाहीत, फोनपण उचलला नाही. काय करू?
(टी.वाय.चा विद्यार्थी, कॉलेज रोड)

मित्रा, ती फक्की मारून बसल्याची सकाळ वाचून खरंच वाईट वाटलं, कारण मीही असा बसलोय, आणि शेवटी आम्ही दोन भाग करून आपापसात खेळलो आणि मिसळ खाऊन घरी गेलो. तर पहिलं हेच, ‘हो रे भावा येतो’ या मेसेजवर मॅच ठरत नसते. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र, दोन्हीकडच्या सरांची सही, त्यात तारीख, वेळ, मैदान, रेफ्रीचे पैसे कोण देणार, पाऊस झाला तर पुढची तारीख कुठली, आणि यायचं नसेल तर किती दिवस आधी कळवायचं. अमेरिकेतल्यासारखा दंड नको लावूस, पण सरांची सही असली ना की माणूस फोन उचलतो.

आता पोरांचं म्हणणं. सोप्या टीम घेऊन 7-0, 8-0 करून येणारा कॉन्फिडन्स झोनलच्या पहिल्या दहा मिनिटांत उतरतो रे. तुमचा गोलकीपर त्या 8-0 च्या मॅचमध्ये करतो काय, पोस्टला टेकून उभा असतो ना? त्याच्याकडे बॉलच आला नाही तर तो शिकणार कधी. आणि उलट सगळ्याच पहिलवान टीम घेतल्यास तर ऑगस्टपर्यंत निम्मी पोरं क्लास आहे, ताप आहे म्हणून गळतील. मी असतो तर सहापैकी तीन मॅच अशा टीमशी घेतल्या असत्या ज्यांच्याशी निकाल काय लागेल ते सांगता येणार नाही, थोड्या आपल्याहून वरच्याच. एकच मॅच फार वरच्या टीमशी, आणि ती मधोमध, सुरुवातीला नाही आणि झोनलच्या तोंडावर तर अजिबात नाही, म्हणजे कुठे फाटतंय ते कळतं आणि शिवायला वेळ उरतो. नाशिकरोड-देवळालीला लष्कराची एवढी ठाणी आहेत, तिकडे जवानांची टीम मिळते का ते सरांना रीतसर पत्र देऊन विचारायला सांग, नाही म्हणाले तर म्हणाले. त्यांच्या फिटनेससमोर अर्धा तास टिकलात तरी खूप शिकाल. सोपी मॅच एक, झोनलच्या आठवडाभर आधी, बेंचवरच्या पोरांना खेळवायला.

आणि सहावी? ती शेजारच्या कॉलेजशी. दरवर्षी. त्याच आठवड्यात. यावर बजेटही लागत नाही, सायकलवर येतील. मुंबई-पुण्याची टीम आणायची हौस मला कळते पण पुणं दोनशे किलोमीटरच्या वर आहे, बस, डिझेल, जेवण, सगळं बजेट एका मॅचमध्ये संपेल आणि ती टीम पुढच्या वर्षी तुला ओळखणारसुद्धा नाही.

टर्फवरच्या मॅचला मात्र यात धरू नकोस. पाच-पाचचा, जाळीला लागून बॉल परत येणारा खेळ वेगळा, थ्रो-इन नाही, ऑफसाइड नाही. पाऊस असला तरी चिखलात मोठ्या मैदानावर खेळा, झोनलला टर्फ कोणी देणार नाहीये.

आणखी एक, तू टी.वाय.ला आहेस म्हणजे पुढच्या वर्षी हे दुसरंच कोणी बघणार, पण त्याला लिहून ठेवून जा की 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मोठी स्नानं आहेत. तेव्हा शहरात रस्ते बंद असणार आणि रेफ्रीच मैदानावर पोहोचला नाही तर कोणाला बोलणार? त्या वर्षीच्या मॅचेस जून-जुलैतच उरकायच्या.

प्रश्न : दोन कॉलेजांत मॅच असेल तर मैदान कोणाचं घ्यावं?
(नाव नको, सिडको)

एक वर्ष त्यांचं, एक वर्ष तुमचं. फारच तंटा असेल तर तिसरीकडे. टेक्सास-ओक्लाहोमा दरवर्षी डॅलसला खेळतात, ऑक्टोबरात, तिथल्या जत्रेच्या मैदानातल्या स्टेडियममध्ये, बरोबर अर्धं स्टेडियम एका रंगाचं आणि अर्धं दुसऱ्या. बाहेर पाळणे, खाऊची दुकानं आणि आत झुंज. आपल्या यात्रेतल्या फडापेक्षा वेगळं काय आहे सांगा.

प्रश्न : आमच्या आणि शेजारच्या कॉलेजच्या मॅचला मागच्या वर्षी हाणामारी झाली, दोघांचं डोकं फुटलं. यंदा मॅच बंद करा असं स्टाफमध्ये चाललंय. मी खेळ विभाग बघतो. बंद करू का?
(एक क्रीडा शिक्षक, पंचवटी)

सर, भीती खरी आहे, ती उडवून लावणार नाही. 16 ऑगस्ट 1980 ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅचला 16 प्रेक्षकांचा जीव गेला. पण कोलकात्याने मॅच बंद नाही केली, त्या तारखेला तिकडे रक्तदान करतात. तेव्हा तुम्हीही बंद करू नका, पण चार गोष्टी बदला. मॅच सकाळची ठेवा, संध्याकाळची नको. दोन्हीकडचे प्रेक्षक समोरासमोरच्या बाजूंना बसवा, गोलमागे कोणी नको. रेफ्री बाहेरचा आणा, दोन्ही कॉलेजांशी देणंघेणं नसलेला. मॅच झाल्यावर चहा-पोहे दोन्ही टीमला एकत्र, आणि ते तुमच्या खर्चाने.

आणि मधे ठेवायला काहीतरी वस्तू द्या, पोरं एकमेकांची कॉलर सोडून त्या वस्तूमागे लागतात. मिशिगनचीच गोष्ट सांगतो, आज त्यांचाच दिवस दिसतोय. 1903 साली ते मिनेसोटाला खेळायला गेले, तिथलं पाणी कसं असेल कोण जाणे म्हणून मॅनेजरने तिथल्याच दुकानातून 30 सेंटला एक मोठा बुधला विकत घेतला पाण्यासाठी. मॅच 6-6 सुटली, लोक मैदानात घुसले, गडबडीत बुधला तिथेच राहिला. मिनेसोटाच्या एका कामगाराला तो सापडला, त्यांनी त्यावर रंगवून टाकलं की हा मिशिगनकडून पटकावलेला, आणि स्कोअर लिहिताना स्वतःचे 6 केवढे तरी मोठे आणि मिशिगनचे 6 एवढुस्से! 1909 ला परत मॅच झाली तेव्हा मिशिगनने तो जिंकून नेला आणि तेव्हापासून आजपर्यंत दोन्ही कॉलेजं त्या पाण्याच्या भांड्यासाठी भांडतात.

आपल्याकडे तर भांडी बाजार आहे सर. प्लॅस्टिकच्या चषकावर पैसे घालवू नका, तांब्याची एक चांगली कळशी घ्या. आपण लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालून घेतो तसं दरवर्षी जिंकणाऱ्याचं नाव आणि साल त्यावर घालून घ्यायचं, फक्त घालणाऱ्याला सांगा की अक्षर बारीक काढ, जागा पुष्कळ लागणार आहे. आणि मागच्या वर्षी ज्या दोघांची डोकी फुटली ना, दोन्हीकडची ती पोरं यंदा कळशी आणायला एकाच गाडीवर पाठवा.