वाचकांचे प्रश्न : खेळाडू मोठा, कार्ड स्वस्त

प्रश्न : आम्ही अनेक वर्षे अमेरिकेत सेंट लुईस येथे राहतो. माझ्या मुलाला बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेली जुनी कार्डे जमवण्याचा नाद आहे. एका प्रदर्शनात विक्रेत्याने त्याला जुन्या काळातील खेळाडू स्टॅन म्युझियलचे, बोमन कंपनीने काढलेले 1948 चे कार्ड दाखवले. मधोमध घडी पडल्यामुळे त्याची किंमत काहीशे डॉलरच होती. ‘हा मिकी मँटलच्या तोडीचा खेळाडू आहे, कार्ड अजून स्वस्त आहे, पुढे भाव चढणारच,’ असे विक्रेता म्हणाला. ते खरे मानावे का? शिवाय शेजारच्या आजोबांनी मुलाला रबर बँड लावलेली जुन्या कार्डांची एक चळत दिली आहे. ती तशीच ठेवावी का?

उत्तर : विक्रेत्याच्या बोलण्याचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्धात धंदा आहे. म्युझियल 22 हंगाम एकाच संघाकडून, म्हणजे तुमच्याच गावच्या कार्डिनल्सकडून, खेळला. 1945 चा हंगाम नौदलातील सेवेत गेला, तरीही त्याच्या नावावर 3,630 हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणे) आणि 475 होम रन (एकाच फटक्यात सर्व बेसची फेरी) आहेत. लीगमधील सर्वोच्च बॅटिंग सरासरी त्याने सात वेळा नोंदवली आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान तीनदा मिळवला. त्या हिटपैकी 1,815 घरच्या मैदानावरचे आणि बरोबर 1,815 परक्या मैदानांवरचे आहेत. इतक्या एकसारख्या कारकिर्दीत नाट्य कुठून येणार? गाजण्यासाठी खेळाइतकाच गाजावाजाही लागतो आणि तो न्यूयॉर्कच्या संघातून खेळणाऱ्या मँटलला भरपूर मिळाला. 1999 मध्ये विसाव्या शतकातील सर्वोत्तम बेसबॉलपटूंचा ‘शतकाचा संघ’ निवडताना चाहत्यांच्या मतांतून म्युझियलला जागा मिळाली नाही. ती तज्ज्ञांच्या समितीने नंतर दिली.

मात्र कार्डाचा भाव केवळ खेळावर ठरत नाही. मँटलचे सर्वांत गाजलेले, टॉप्स कंपनीचे 1952 चे कार्ड हे त्याचे पहिले कार्डसुद्धा नव्हे. पहिले 1951 चे बोमन. तरीही टॉप्सचा तो संच मोठ्या आकाराचा आणि रंगीत होता आणि त्यातील न खपलेला माल कंपनीने पुढे समुद्रात बुडवल्याची कथा सर्वांच्या तोंडी आहे. त्या कार्डाची एक उत्तम प्रत 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकली गेली. म्युझियल त्या संचात नव्हताच. टॉप्समध्ये तो थेट 1958 मध्ये आला. त्याचे 1948 चे बोमन कार्ड म्हणजे कृष्णधवल छायाचित्राचा इवलासा तुकडा, दर्शनी बाजूला नावसुद्धा नाही. मला ते साधेपणामुळेच आवडते, पण लिलावात अशी आवड फारशी उपयोगी पडत नाही.

म्युझियलची उपेक्षा हा काही या विक्रेत्याने लावलेला शोध नव्हे. संग्राहक ती कित्येक वर्षे बोलून दाखवत आले आहेत आणि आजचा भाव ती जमेस धरूनच ठरलेला आहे. शिवाय सेंट लुईसमध्ये म्युझियल घरचाच, त्यामुळे तिथे त्याला गिऱ्हाईक सहज मिळते. म्हणून मागितलेली किंमत बाजूला ठेवा आणि तितक्याच खराब स्थितीतील प्रती इतरत्र प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या ते पाहा. कार्ड दिव्याखाली तिरके धरून दुसरी, बारीक घडी आहे का हे तपासा. कडा कापून सरळ केल्याचा संशय आल्यास त्याच संचातील एखाद्या स्वस्त कार्डावर ठेवून माप जुळवा. जुन्या पुठ्ठ्याच्या कडा पांढऱ्याशुभ्र दिसल्या, तर व्यवहार तिथेच थांबवावा. एवढे करूनही मुलाला ते हवेसे वाटत असेल, तर नफ्याची आशा न धरता खुशाल घ्यावे.

रबर बँड मात्र आजच काढा. 1952 च्या टॉप्स संचातील पहिले कार्ड अँडी पाफ्को या चांगल्या, पण महान नसलेल्या खेळाडूचे आणि शेवटचे, 407 क्रमांकाचे, 512 होम रन मारणाऱ्या एडी मॅथ्यूजचे. मुले कार्डे क्रमाने लावून त्यांवर रबर बँड चढवत, तेव्हा वरच्या आणि खालच्या कार्डाच्या कडांना खाचा पडत. त्यामुळे सुस्थितीतील पाफ्को इतका दुर्मीळ झाला की त्याची किंमत त्याच्याहून कितीतरी मोठ्या खेळाडूंच्या कार्डांपेक्षा जास्त होते. रबर चिकटला असेल तर ओढू नका, कात्रीने कापा. मग प्रत्येक कार्ड प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा आणि चळतीतील पहिले व शेवटचे कार्ड कोणाचे आहे ते आम्हाला अवश्य कळवा.